रोज दुपारी येणारा वाचक

तालुका कचेरीच्या आवारात करंजाच्या झाडाखाली लोकांचे अर्ज लिहून देण्याचे माझे मेज आहे. माझ्याआधी तेथे माझे वडील बसत. शाळेने मला आठव्या इयत्तेपलीकडे काही दिले नाही. परंतु अर्ज कोणत्या वाक्याने उघडावा, अधिकाऱ्याची मान कोणत्या वाक्याशी वर यावी, हे मला या मेजाने शिकवले, आणि या कामात माझ्या तोडीचा मनुष्य कुंभकोणम तालुक्यात आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. अर्ज मी तमिळमध्ये लिहितो. पूर्वजांनी या तमिळ मुलखात आणलेली मराठी घरात बोलतो, आणि बाळबोध अक्षर वडिलांनी मारून मुटकून गिरवून घेतले म्हणून हे लिहू शकतो आहे.

वडिलांची एक सक्त रीत होती. अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस सरळ मेजाशी येत नाही. तो विड्याच्या पानांच्या टोपलीशी उभा राहतो, नोटिसांच्या फळ्याकडे बघतो, बाकावर टेकतो, उठतो. त्याला हाक मारायची नाही. विशेषतः स्वतःच्या रक्ताच्या माणसाविरुद्ध लिहायला आलेला असेल तर त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाही. त्याची पावले त्यालाच आणू द्यायची. ही रीत मी इतकी वर्षे पाळली, आणि पाळताना कधी विचारही केला नाही.

अलीकडे लोक अर्ज फोनवरूनच धाडू लागले, आणि मेजापुढची रांग विरळ होत गेली. माझी मुलगी चेन्नईच्या एका कंपनीचे काम घरी बसून करते. तिने माझ्यासाठी वेबसाइट उभारली. जमिनीचा पट्टा, रस्त्यावरचे दिवे, विधवा वेतन, अशा प्रत्येक कामासाठी एक पान, त्यावर माझ्या हातचा नमुना, आणि तळाशी ‘लेखकाशी बोला’ असे एक बटण. मग तिने माझ्या फोनवर डॅशबोर्ड बसवून दिला. किती लोक आले, कोणत्या गावाहून, कोणते पान उघडले, किती वेळ थांबले, कुठवर वाचून परतले, सगळे त्यात दिसते. मला ते यंत्र पाहताक्षणी आवडले. मेजाशी बसून मी लोकांच्या चेहऱ्यांवरून जे ताडतो, ते येथे आकड्यांत मांडलेले होते.

पहिल्या काही दिवसांत जर्मनी, सिंगापूर, अमेरिका अशी नावे वर आली. शेजारच्या मेजावरच्या लेखकाला मी ते दाखवले. आम्ही दोघे एकाच झाडाखाली म्हातारे होत चाललो आहोत.

तो फोन डोळ्यांपाशी नेऊन म्हणाला, “सार, जर्मनीत कुणाच्या गल्लीतला दिवा गेलाय?”

“वाचणारे वाचतात. भाषेची गोडी असते एकेकाला.”

“मग तिकडेच मेज टाका. इथली सावली सगळी माझी.”

घरी मुलीने सांगितले की ती माणसे नव्हेत. वेबसाइटी चाळत फिरणारी यंत्रे आहेत. तिने ती गाळून टाकली. आलेख एकदम जमिनीला टेकला. त्या संध्याकाळी कॉफी बेचव लागली.

गाळून जे उरले त्यात एक ओळ होती. कुंभकोणम, मोबाइल फोन, परत आलेला वाचक. पान एकच: मुले सांभाळत नाहीत म्हणून निर्वाहाची मागणी करणारा वृद्ध आईवडिलांचा अर्ज. दुपारची जेवणे झाली की तो वाचक येई. इतर पानांवरचे लोक नमुन्यावर नजर टाकून निघून जात. हा मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जाई, तळाशी बटणापाशी बराच वेळ थांबे, आणि बटण न दाबता परते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“एकच माणूस आहे का गं हा?” मी मुलीला विचारले.

“एकच फोन आहे, अप्पा. माणसाचं मी कसं सांगू?”

“गाव तरी खरं ना?”

“तेही नाही. पलीकडच्या इन्नंबूर गावचा माणूस असला तरी कुंभकोणमच दाखवील. तुम्ही इतकं कशाला बघूंलागलांत?”

मी बघत होतो, कारण मला तो माणूस दिसत होता. असे अर्ज मी अनेक लिहिले आहेत. ते लिहून घेणाऱ्याचा हात पदराशी, उपरण्याशी चाळा करतो, आणि मुलाचे नाव विचारले की तो आधी मुलाचे गुण सांगतो. दुपारी घरातली माणसे पाठ टेकतात तेव्हा कोणाचा तरी फोन मागून घ्यायचा, अक्षरे मोठी करून वाचायचे, आणि कोणी हलले की तो उलटा ठेवायचा. हे मला मेजाशी बसल्या बसल्या दिसे. ती बाई आहे असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. तिरुक्करुगावूरच्या बसमधून उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडे मी बघू लागलो. देवळात प्रदक्षिणा घालताना बघू लागलो. जिच्या हातात फोन, तिच्या चेहऱ्यात मी तो अर्ज शोधी. हिला जेवायला मिळते का? हिला बोलतात का? जिवाला चैन पडेना. हातातले अर्ज बिघडू लागले. एका पट्ट्याच्या अर्जात मी शेताची दिशाच चुकवली, जे माझ्या हातून कधी घडले नव्हते.

मग एके दिवशी तो वाचक सकाळीही आला आणि दुपारीही आला. दुपारी पान उघडे राहिले ते राहिलेच. माझा केळीच्या पानातला लिंबूभात मी तसाच बांधून ठेवला. आज त्या घरात काही घडले आहे, असे मला पक्के वाटले. मजकूर कसा बदलायचा हे मुलीने मला शिकवून ठेवले होते. मी तिला विचारले नाही. मेजाशी बसून मी बटणाच्या वर एक ओळ घातली, आणि ती घालण्यापूर्वी सात-आठ वेळा घडवली:

‘हे पान प्रतिदिनी वाचणाऱ्या माननीय व्यक्तीस कळविण्यात येते की, आपले येणे आमच्या नजरेस आलेले आहे. तरी आपण संकोच न बाळगता समक्ष हजर व्हावे. नाव गुप्त राखले जाईल.’

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचक आला. वरून खाली गेला. तळाशी पोहोचला आणि लगेच निघून गेला. त्यानंतरच्या दुपारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आठवडा सरला, तरी त्या पानापुढे शून्यच होते.

मुलीला सांगणे भाग पडले. तिने ती ओळ वाचली आणि फोन हळूच खाली ठेवला.

“अप्पा, हे काय लिहिलंत?”

“यावे असे लिहिले. नाव गुप्त राहील असेही लिहिले.”

“‘नजरेस आलेले आहे’, ‘समक्ष हजर व्हावे’. ही बोलावण्याची भाषा आहे का? पोलीस ठाण्याचा कागद आल्यासारखं वाटतं.”

“कचेरीत अशीच भाषा चालते.”

“कचेरीत चालते. त्या माणसाला वाटलं असेल, कोणीतरी पहारा ठेवलाय. उद्या मुलाला कळेल.”

स्वयंपाकघरातून बायकोने ऐकले होते. ती हात पुसत दाराशी आली. “कोणी चोरून रडूंलागलं असलं तर दिवा लावून तोंड बघतात का? तेवढी एक जागा होती त्या जिवाला. तीही घालवलीत.”

मी तिला सांगितले की तिला कायद्यातले काही कळत नाही. ती म्हणाली, “नाहीच कळत,” आणि आत गेली. खरे म्हणजे वाक्यात दोष नव्हता. तेच वाक्य मी कागदावर विभागीय अधिकाऱ्यापुढे ठेवले असते तर त्याने एक शब्द बदलला नसता. पण माझे सगळे शब्द वर बघून लिहिलेले असतात. खाली बसलेल्या माणसाशी मी नेहमी तोंडाने बोलतो; त्याला उद्देशून लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ओळ मी काढली. तिच्या जागी दुसरी घालायला बसलो, तर शब्द सुचेना. मुलगी शेजारी येऊन बसली.

“बोलावूं नका, अप्पा. कोराच अर्ज तिथे ठेवूं. नाव नाही, फोन नाही, काही विचारायचं नाही. ज्याला हवा तो फोनवर उतरवून घेईल. कुठल्या खिडकीत द्यायचा तेवढं साध्या शब्दांत लिहा.”

मी लिहिले. ‘हा अर्ज कचेरीत मागच्या दाराशेजारच्या खिडकीत घेतात. वकील लागत नाही. मुलगा बरोबर असावा लागत नाही.’ तिने एक शब्दही बदलला नाही.

“आणि या पानावरची मोजणी बंद करते,” ती म्हणाली. “कोणी बघत नाही असंही वर लिहिते. खोटं लिहायला नको.”

“मग तो माणूस परत आला, हे मला कसे कळेल?”

“कळणार नाही.”

“अर्ज नेला, हे तरी?”

“तेही नाही, अप्पा.”

फोन माझ्या हातात होता. इतर पानांची मोजणी चालू राहणार होती. दिव्यांचे पान कोणी उघडले हे दिसणार होते, पट्ट्याचे दिसणार होते. मला हव्या असलेल्या एकाच माणसाची ओळ जाणार होती. अनोळखी माणसाबद्दल इतका जीव खालीवर का व्हावा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मुलगी थांबली होती. मी फोन तिच्यापुढे केला.

तिने मोजणी बंद केली. डॅशबोर्डवरून ते पान नाहीसे झाले. वेबसाइटवर ते आहे, कोऱ्या अर्जासह. तेथे आता कोणी येते की नाही, मला ठाऊक नाही.