काचेतला मिशाळ

भिवराबाई दुपारची जेवून पलंगावर कलंडते. डोळा लागतो न लागतो, आणि काचेच्या पेटीतली पंपाची बुडबुड कानात चालूच असते. पेटीत मालकांचा, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, परदेशी मिशाळ मासा. जन्मभर भीमेत जाळी टाकणाऱ्या भोयानं मरायच्या आदल्या वर्षी हौसेनं बोटाएवढा विकत आणलेला. आता हातभर झालाय, वळायचं तर शेपूट दुमडून वळतो. शहरातले मत्स्यालयवाले मोठ्या तलावासाठी न्यायला तयार आहेत, असं लेक दिगंबर सकाळीच म्हणाला. भिवराबाईनं त्याला तिथल्या तिथं झाडला. बापाची एवढी एक खूण उरलीय, तीही वाटून मोकळा हो म्हणाली.

डोळा मिटतो आणि ती मोरीत उभी आहे. मोरीतून पाऊल बाहेर टाकते ते होडीत पडतं. होडीला चारी बाजूंनी काच. समोर मेलेले मालक, गुडघे हनुवटीला लावून, मान वाकडी करून बसलेत.

"सासरवाडीला आल्यागत काय बसलाय? पाय पसरा की."

"कुठं पसरू?"

ती वल्हं मारते, ते काचेवर आपटतं. पलीकडं नदी दुथडी भरून वाहतेय, आत थेंब येत नाही. मिशाळाची कशी बडदास्त ठेवलीय, स्वतःच्या हातानं कोळंबी सोलून घालते, शेजारपाजार बघायला येतो, सगळं ती सांगत सुटते. मालक जिवंतपणी ऐकायचे तसंच ऐकतात, भलतीकडं बघत.

"मासा धरला की आपण काय करायचो गं?"

"डोक्यात एक टोला. तडफडत ठेवायचा न्हाई, तुमच्या आईचा नेम."

"मग ह्याला किती वर्सं तडफडत ठेवलाय?"

"आणला कुणी? मी?"

"मीच. वाटलं, लई तर वीतभर हुईल."

"मग सोडते भीमेत."

"येडी का काय. तिथली समदी पिल्लं गिळंल त्यो."

होडी आखडत चाललीय. काच तिच्या खांद्याला टेकते. ती हळू विचारते, "त्यो गेल्यावर तुमचं काय ऱ्हाईल माझ्याकडं?"

मालक मिशीत हसतात. "मी कोळंबी खातो व्हय गं?"

त्यांना पाय पसरता यावेत म्हणून ती दोन्ही तळव्यांनी काच रेटते, सगळा जीव लावून रेटते.

जाग येते. दिगंबर दारात चपला घालतोय.

"फोन लाव त्या तलाववाल्यांना," ती म्हणते. "आन् मला काय इचारू नगंस."

तो तिच्या हातांकडं बघत राहतो. दोन्ही तळव्यांना ओलं, हिरवं शेवाळ लागलंय, पेटीच्या काचेवर आतल्या अंगानं साचतं तसलं.