मावशींना दिसलेली कोर

माझ्याकडे प्रतिपदेच्या चंद्राचा एक फोटो आहे. अमावास्या संपून पुरते वीस तासही झाले नव्हते, इतका कोवळा चंद्र. आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर त्याचं फार कौतुक झालं. फोटो खरा आहे. त्याखाली मी जे लिहिलं ते खोटं आहे: ‘नुसत्या डोळ्यांना दिसला नाही, कॅमेऱ्यानेच टिपला.’

दिसला होता. मला नव्हे, पुण्याजवळच्या कोळवणच्या माझ्या घरमालकाच्या आईला.

नोकरीसाठी परभणीहून पुण्यात आलो त्याला वीस वर्षं झाली. शनिवार-रविवारपुरती मी त्या शेतकरी कुटुंबाची वरची खोली भाड्याने घेतली होती, ती केवळ पश्चिमेच्या उघड्या गच्चीसाठी. मालकाच्या आईला मी मावशी म्हणायचो; पंचाहत्तरीच्या पुढच्या. मोतीबिंदू काढल्यापासून नजर लख्ख झाली म्हणायच्या. दर बीजेला कोर दिसली की लुगड्याच्या पदराची एक दशी ओढून तिच्याकडे टाकायच्या आणि पुटपुटायच्या, “जुनं घे, नवं दे.”

त्या दिवसांत घरात एक कुरबुर चालू होती. वरच्या खाचराच्या बांधावर बिबट्या पाहिल्याचं मावशींनी सांगितलं होतं. ठसे काही सापडले नाहीत. मुलगा-सून म्हणत, आईला भास होतात, आता शेतावर एकटं सोडायला नको. आणि मावशींचा तर सगळा जीव त्या शेतात.

फाल्गुन प्रतिपदेची संध्याकाळ. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजल्याचा धूर डोंगराला टेकून राहिला होता. फोनमधल्या ॲपने दाखवलेल्या दिशेला लेन्स लावून मी बसलो होतो. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडमुळे फोनची दिशाच चुकत होती, हे मला फार नंतर कळलं. मावशी जिना चढून आल्या.

“तकडं काय बगताय? त्यो काय, खिंडीच्या वर. आडवा पडलाय, केसावानी.”

मी पाहिलं. नुसता धूर.

“मावशी, आज डोळ्यांनी नाही दिसायचा. उद्या दिसेल.”

“आवं, दिसतोय म्हणून तर सांगतीया!” असं म्हणून त्यांनी दशी ओढून टाकलीसुद्धा.

त्यांचं मन राखायला मी कॅमेरा खिंडीकडे वळवला आणि तीन फोटो काढले. स्क्रीनकडे नीट पाहिलंही नाही. तेवढ्यात मुलगा वर आला.

“सर, तुमीच सांगा. हाय का तितं काय?”

मावशी माझ्याकडे बघत होत्या.

“नाही हो,” मी म्हणालो. “शक्यच नाही.”

“ऐकलंस का, आई? सर एवढी मशीन लावून बसल्यात, त्यांना दिसंना, आन् तुला दिसतंय!”

मावशी वळल्या. भिंत धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो लॅपटॉपवर घेतले. कॉन्ट्रास्ट वाढवला. तिसऱ्या फोटोत, खिंडीच्या बरोबर वर, कोर होती. आडवी. केसासारखी.

खाली जाऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी आधी फोटो ग्रुपवर टाकला, मग त्या एका ओळीच्या खोटेपणासकट शाबासक्या वाचत बसलो.

संध्याकाळी बीजेचा चंद्र अंगणातूनच सगळ्यांना दिसला, चांगला ठसठशीत. सून हसून मावशींना म्हणाली, “काय आत्या, आज तरी खराच दिसतोय ना?”

मावशींनी चंद्राकडे सरळ पाहिलं. पदराला हातही लावला नाही.

“न्हाई बा,” म्हणाल्या. “मला काय बी दिसत न्हाई.”

मी हातभर अंतरावर उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो.

त्यांचं शेतावर जाणं बंद झालं. गच्चीवरही यायच्या नाहीत. ओट्यावर बसून असायच्या, आणि विचारलं तर एवढंच, “बरं हाय.” महिनाभरात मी कामाचं निमित्त सांगून खोली सोडली.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. कळल्यावर भेटायला गेलो. मुलगा म्हणाला, “शेवटी शेवटी बोलणंच टाकलं हो आईनं. काय दिसतंय, काय दुखतंय, कायच सांगायची न्हाई.”

मी फोन काढला आणि सगळं सांगितलं. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ खिंडीकडेच बघत होता. मग उठून गोठ्याकडे गेला. फोन सुनेच्या हातात आला.

“मग तवाच का न्हाई सांगितलं?” तिने विचारलं.

“लाज वाटली.”

“कशाची?”

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. म्हणून मीही खरं ते बोललो, जे मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो.

“त्यांना दिसला आणि मला दिसला नाही, याची.”

तिने फोन पदराला पुसून मला परत दिला. चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज काही आला नाही.