पाऊणपट मावशी

कुणालाही सांगा, "रविवारी जायचंय," तर तो विचारेल, किती वाजता. पाऊणपट मावशी विचारायच्या, "तिथी कोणती?" बरं, देवभोळ्या म्हणाव्यात तर तसंही नाही. एकादशीला ऑम्लेट खाताना मी स्वतः बघितलंय त्यांना. तिथी त्यांना लागायची ती समुद्रासाठी. "तारीख तुमच्या ऑफिसाला. समुद्राला तिथी," म्हणायच्या, आणि पुढे हिशोब सुरू. "अष्टमी म्हणजे आठ. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, मग बाराला ओहोटी. कळलं?" माझी शाळा मुरबाडची. तिकडे येणारं-जाणारं पाणी म्हणजे फक्त नळाचं. मला काय कळणार डोंबल! मी हसलो आणि त्यांना पाऊणपट मावशी नाव ठेवलं. आठवड्याभरात अख्खी सोसायटी तेच म्हणायला लागली.

आमची सोसायटी कोपरला. चार मजले, लिफ्ट नाही, सेक्रेटरी आहे. दरवर्षी थंडीत एक दिवसाची हरिहरेश्वरची ट्रिप. पहाटे पाचला निघायचं, अकराला पोचायचं, रात्री घरी. तिथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, असं दर्शन घ्यायचं आणि मग प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा देवळाभोवती गोल फिरून होत नाही. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरायच्या आणि थेट समुद्रातल्या खडकांवरून वळसा घालायचा. ओहोटीला रस्ता, भरतीला समुद्र. म्हणून ट्रिपचा दिवस मावशी ठरवायच्या. सप्तमी, अष्टमी नाहीतर नवमी. दर्शन उरकून खाली उतरलं की पाणी आपलं लांब गेलेलं. इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं, समुद्र तिकडे लांबच असतो.

मावशी मानपाड्याच्या एका कंपनीच्या कँटीनमधून रिटायर झालेल्या. तीनशे माणसांना जेवायला घालताना जो आवाज लागतो, तो घेऊनच घरी आलेल्या. बसमध्ये त्यांचं राज्य. उलटीवाले पुढे, गाणीवाले मागे, माणगावच्या आधी कोणी वडापाव काढायचा नाही. एकदा मी काढला. "ए नकल्या! वडा आत, नाहीतर तू बाहेर!" आणि कोणी रांग मोडली, कोणी रस्त्यात उतरून फोटो काढायला धावला, की त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं, "एऽऽ! हललात तर बघा!" ड्रायव्हरसुद्धा ब्रेक दाबायचा.

ह्या वाक्याची नक्कल मी गणपतीत स्टेजवर केली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मावशी पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मला वाटलं, आज आपलं विसर्जन. कार्यक्रम संपल्यावर बोलावलं. म्हणाल्या, "नाकातून बोललास. मी नाकातून नाही बोलत, पोटातून बोलते. नाकातल्या आवाजाला माणसं हसतात, थांबत नाहीत." आणि तिथेच, आरतीच्या ताटासमोर, त्यांनी मला तीनदा 'हललात तर बघा' म्हणायला लावलं. चौथ्यांदा प्रसादवाला दचकला तेव्हा सोडलं.

त्यांचं माहेर श्रीवर्धनकडचं, खाडीकाठचं. भरतीचं एवढं काय घेऊन बसता, असं मी एकदा सहज विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा भाऊ शिंपल्या काढायला खडकावर गेलेला. वेळ चुकली त्याची. एकदाच चुकली." आणि निवडत राहिल्या. ह्याची मी कधीच नक्कल केली नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. ती आठवली की अजून डोकं फिरतं. मीटिंगमध्ये सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, ट्रिप माघी पौर्णिमेला. रविवार पण आहे, पुण्य पण आहे, एका दगडात दोन पक्षी. टाळ्या! मावशी म्हणाल्या, "पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तुमची बस अकराला पोचणार, म्हणजे बरोब्बर भरतीच्या तोंडावर. आणि पौर्णिमेची भरती सगळ्यात मोठी." सेक्रेटरी हसले. मावशींनी हट्ट केला नाही हो. त्यांनीच मार्ग काढला, "पुढच्या रविवारी सप्तमी आहे. सुट्टी तीच, देव तोच. आठ दिवस थांबा." पण पुढच्या रविवारी सेक्रेटरींच्या मेहुण्याचा साखरपुडा! चाळीस माणसांचा जीव एका बाजूला आणि मेहुण्याची अंगठी एका बाजूला. "मावशी," सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले, "जग आता अ‍ॅपवर चालतं. पाऊणपट वगैरे जुनं झालं. आणि तुमचे गुडघे बघता ह्या वर्षी तुम्ही आरामच करा."

अ‍ॅपवर चालतं ना? मग उघडायचं होतंत अ‍ॅप! त्यात पण भरती सव्वाअकराच्याच आसपास दिसली असती. कोणी उघडलं नाही. मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर बाजूच्याच्या कानात सेक्रेटरींची नक्कल. माझा राग अर्धा माझ्यावरच आहे, तो ह्यासाठी.

मावशींनी शेवटचं एवढंच म्हटलं, "गेलात तर खाली उतरू नका." मीटिंगच्या वहीत ते लिहून घेतलं का? नाही. चहा आलेला.

पौर्णिमेला मावशींशिवाय बस निघाली. अकराला पोचलो. काळभैरव, हरिहरेश्वर, काळभैरव, सगळं झालं. मग पायऱ्यांशी आलो. भरतीच्या वेळी खाली जाऊ नये अशी पाटी तिथे ढळढळीत लावलेली. सेक्रेटरी म्हणाले, "दोन मिनिटं, एक ग्रुप फोटो. एवढ्या लांब आलोय." दहा-बारा जण उतरले, पोरं सगळ्यात पुढे. मी वरच्या पायरीवर उभा. खाली एक लाट नुकतीच मागे सरलेली, खडक ओला, चकचकीत, रिकामा. कोणालाही वाटेल, या, बसा. पोरं त्या खडकाकडे निघाली आणि मला लांबून पुढची लाट दिसली.

मी ओरडलो, "अहो काका, नको! वर या!" सेक्रेटरी न बघताच म्हणाले, "ह्याचं चालू झालं परत." आणि सगळे हसले. हसले! नाकातून गेलेला माझा आवाज.

मग मी श्वास पोटात घेतला.

"एऽऽ! हललात तर बघा!"

सगळे जागच्या जागी. पोरं थिजली. सेक्रेटरींचा एक पाय हवेत. त्यांच्या मिसेसनी सवयीने मोबाईल पर्समध्ये टाकला. आणि लाट आली ती त्या रिकाम्या खडकावरच फुटली, पार फटीपर्यंत उसळली. सगळे नखशिखांत भिजले. सेक्रेटरींची सेल्फी स्टिक गेली ती गेलीच. एवढंच गेलं. पोरांना ओढत सगळे धडाधड वर आले आणि वर येऊन धापा टाकत सेक्रेटरींच्या मिसेसनी विचारलं, "मावशी आल्यात? कुठे बसलेल्या?"

पाचला ओहोटी होती. तोवर थांबायला कोणी तयार नव्हतं. प्रदक्षिणा न करताच परत निघालो. माणगावला गाडी थांबली तेव्हा सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकला, 'दैवकृपेने सहल निर्विघ्न पार पडली.' खाली सदतीस नमस्कार. दैवकृपेने! मावशींचं नाव टाकायला अक्षरं महाग झालेली काय?

मी घरी न जाता आधी मावशींकडे गेलो. सगळं सांगितलं, लाट, पाय हवेत, सगळं. त्या ऐकत होत्या. पोरं खडकाकडे निघाली म्हटल्यावर त्यांचा हात पदराशी गेला. मला वाटलं, रडतील नाहीतर सेक्रेटरीला शिव्या घालतील. त्यांनी एकच विचारलं.

"नाकातून का पोटातून?"

"पहिल्यांदा नाकातून. मग पोटातून."

"मग ठीक," म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.

वैशाखात त्या ठाण्याला लेकीकडे, कोपरीला राहायला गेल्या. चौथा मजला गुडघ्यांना झेपेना. टेम्पो खाली लागला तेव्हा कमिटीतलं कोणी उतरलं नाही. सेक्रेटरी गॅलरीतून हात हलवत होते, जसं काही पंधरा ऑगस्टची परेड चाललीय. माझ्या हातात मावशींचं कॅलेंडर. माझं डोकं इतकं सटकलेलं की मी तिथूनच वर बघून ओरडणार होतो. मावशींनी हात धरला.

"नको. राग आला की आवाज नाकात जातो."

आणि कॅलेंडर परत न घेताच टेम्पोत बसल्या.

यंदाच्या ट्रिपची मीटिंग परवा आहे. सेक्रेटरींनी दिवस आधीच ग्रुपवर टाकलाय. मी कॅलेंडरात बघितलं, चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. डोकं पुन्हा गरम झालंय, हे लिहितानाही आहेच. पण सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन, पोटावर हात ठेवून, एकच वाक्य म्हणून बघतोय.

"तिथी कोणती?"

काल टाकीवरची कबुतरं उडाली.