स्टोव्हच्या वातीशेजारी दर्या

कणकवलीत हायवेला लागून टायरचं दुकान आहे, त्याच्या माडीवर कस्टमचे कागद करून देणारं ते ऑफिस. पेद्रू जिना चढून वर आला तेव्हा त्याने रंगवलेला पडदा फरशीवर पडला होता, चादरीसारख्या चार घड्या घातलेला. त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

"पडद्याक घडी कोणी घातल्यान?" त्याने दारातूनच विचारलं. ना नमस्कार, ना काही.

मुलगी रॉविना मागून आली होती. तिने त्याची बाही ओढली. "पप्पा, आधी बस तरी."

"बसतंय कसो? पडदो बांबूर गुंडाळतत. घडी घातली की खळ मोडता, खळ मोडली की रंग तडकता. चिंचोक्याची खळ ती, प्लास्टिक नाय."

त्याने स्वतः वाकून कप उचलला, खिडकीत ठेवला. निळ्या रंगावर तपकिरी कडं उमटलं होतं.

पेद्रू हा मालवणचा, कोळंबच्या बाजूचा. सातवीत शाळा सोडली ती होड्यांवर नावं आणि नंबर लिहायला. मग ट्रकची फळकुटं, चर्चच्या फेस्ताच्या कमानी, दुकानांच्या पाट्या. तिशीत असताना दशावतारी मंडळाचा मालक भाई त्याच्याकडे आला. समुद्रमंथनाच्या खेळाला मागे दर्याचा पडदा हवा होता. ख्रिस्तावाने देवांच्या खेळाचा पडदा रंगवायचा म्हटल्यावर दोन्हीकडची शहाणी माणसं कुजबुजली. पेद्रूने एकच विचारलं, "दर्या खंयच्या धर्मात येता, ता सांगा." मग त्याने मांजरपाटाचे वीस फूट अंगणात ताणले आणि महिनाभर कोंबडीलाही तिथे फिरकू दिलं नाही.

तो पडदा तीस वर्षं मंडळाबरोबर फिरला. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्याच्या पायाशी नारळ फुटायचा आणि पाणी कापडावर शिंपडलं जायचं. पेद्रू गावात असला की भाई नारळ त्याच्याच हातात द्यायचा. "पडद्याच्या बापसान फोडूचो," म्हणायचा. कडेला खाली त्या पाण्याचे पिवळे डाग साठत गेले, एकावर एक. त्यांच्यामध्ये ठसठशीत अक्षरांत मंडळाचं नाव, आणि त्याखाली बोटभर उंचीची ओळ: रंगवणारा पेद्रू, मालवण.

दोन वर्षांपूर्वी भाईने एलईडीचा पडदा आणला. बटण दाबलं की दर्या, बटण दाबलं की कैलास. जुना पडदा त्याने टेम्पोत घालून पेद्रूच्या घरी आणून दिला, नारळासकट. भाई भला माणूस, पण त्या दिवशी पेद्रू त्याच्याशी नीट बोलला नाही.

आणि मग पणजीहून विनीत आला. गॅलरीवाला, पांढरा सुती शर्ट, तोंडात सारखं 'मास्तर, मास्तर'. पडदा पाहून त्याने डोळ्यांत पाणी आणलं. लिस्बनमध्ये एका संग्राहकाचं प्रदर्शन आहे म्हणाला, मोठ्या भिंतीवर हा एकटाच लागेल, आणि शेजारी पितळी पट्टीवर नाव: पेद्रू. फोटोसुद्धा. पेद्रूला पैशाचं फार नव्हतं. होड्या बुडतात, पाट्या बदलतात, कमानी फेस्त संपलं की चुलीत जातात; एकाहत्तर वर्षांत त्याचं नाव कुठल्या भिंतीवर टिकलं नव्हतं. तो हो म्हणाला, आणि विनीतने पडदा गाडीत घालून नेला. रॉविनाने तर रविवारी मिशेच्या प्रार्थनेनंतर फादरना सांगून टाकलं आणि फादरनी सगळ्या चर्चला; घरात चर्चला देऊळच म्हणायचे.

आज फक्त कागद करायचे होते; विनीत आधीच येऊन बसला होता.

कागद करणारी मुलगी आकांक्षा. कस्टमचे फॉर्म भरणं हा तिचा धंदा. आंबा, काजू, मासळी यांचे कागद रोजचे, चित्र पहिल्यांदाच. समोर लॅपटॉप, बाजूला जाडजूड दरपुस्तक.

"काका, हे सगळं हाताने केलंय ना? साचा, छपाई, असलं काही नाही?"

"सगळा हातान कसा होतला गो? दर्या पायान केलंय."

"पायाने?"

"वीस फूट दर्या ब्रशान घासूक बसलंय तर म्हातारो होतलंय. रंग ओतूचो आणि टाचेन लोटूचो. लाट टाचेन येता. हातान फक्त फेस."

रॉविनाने कपाळावर हात मारला. आकांक्षा हसली आणि टाईप करत म्हणाली, "हाताने लिहिते. पाय कुठल्या नियमात नाहीत."

"लिही. पण पाय माझेच, ता पण लिही."

"आणि हा कधी स्टेजवर लागला होता का?"

विनीत खोकला. उगाच नाही, चांगला मोठ्याने, घशात माशाचा काटा अडकावा तसा. पण पेद्रूला ते कळलं नाही. तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्याची छाती फुगली.

"लागललो? चारशे खेळ झाले ह्याचे! कुणकेश्वराक म्हाशिवरात्रीक, जामसंड्याक, आचऱ्याक, पार गोंयात पेडण्यापर्यंत. ह्ये बघ डाग, नारळाच्या पाण्याचे. ह्यो कोपरो फाटललो, तो राक्षस आंगार पडलो तेव्हा. भाईक फोन लाव, सांगतलो."

आकांक्षाचे हात थांबले. तिने विनीतकडे पाहिलं, मग पुस्तक उघडून पेद्रूपुढे सरकवलं.

"काका, हाताने काढलेलं चित्र असेल तर ते सत्त्याण्णवाव्या प्रकरणात जातं, कलाकृती म्हणून. पण नाटकाचा रंगवलेला पडदा असेल तर तो चित्र धरत नाहीत. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. तो एकोणसाठाव्या प्रकरणात जातो. कापड."

"कापड?"

"हो. एकोणसाठ शून्य सात."

"शेजारी कोण आसा?"

तिने बोट फिरवलं. "आधी रबर लावलेलं कापड. पुढे दिव्याच्या आणि स्टोव्हच्या वाती. मग पाण्याचे कापडी पाईप."

पेद्रूने त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या थंड खोलीत बसून कुणी ठरवलं असेल, की भिंतीवर टांगलं ते चित्र आणि माणसांपुढे टांगलं ते कापड? एकटा शेठ दिवाणखान्यात बघतो ती कला. अख्खा गाव गोणपाटावर मांडी घालून बघतो तो स्टोव्हचा नातेवाईक. त्याच्या तोंडात कडू लाळ आली. ऑफिसात थुंकायची सोय नव्हती म्हणून त्याने ती गिळली.

"मास्तर, टेन्शन नाही," विनीत पुढे सरकला. "मी सगळं तयार करून आणलंय. एक साधं प्रतिज्ञापत्र. आणि खालचे दोन फूट कापून टाकू, म्हणजे ते डाग आणि मंडळाचं नाव जाईल. वरचं फ्रेमवर ताणलं की चित्रच."

"खालच्या दोन फुटांत माझा नाव आसा."

"नवीन सही करा ना! वर कोपऱ्यात, छोटीशी, इंग्रजीत. जास्त शोभेल."

पेद्रूने कागद घेतला. चष्मा नव्हता, हात लांब धरून मोठ्याने वाचला. "सदर चित्र हे केवळ चित्र म्हणून काढण्यात आले असून ते कधीही कोणत्याही रंगमंचावर लावण्यात आलेले नाही."

टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. फुस्स, फुस्स.

आकांक्षा खाली बघत म्हणाली, "काका, एक सांगते. नाटकाचा पडदा म्हणूनही हा जाऊ शकतो. त्यात बेकायदा काही नाही. तिकडे उतरल्यावर थोडा कर लागेल, एवढंच."

"मगे तसोच धाड. वातीबरोबर जाईना का. खाली नाव तरी ऱ्हवतला."

"तू कागदापुरतं बोल," विनीत तिच्यावर खेकसला. शर्टाबरोबर आवाजही पांढरा होता आतापर्यंत, तो आता मळला. "नाटकाचं सामान कोण विकत घेतो, मास्तर? मी त्यांना सांगितलंय, एका अडाणी कोळ्याच्या अंगणात सापडलेलं चित्र. कुणी पाहिलेलं नाही, कधी बाहेर आलेलं नाही. त्याचीच तर किंमत आहे! चारशे वेळा लोकांनी बघितलेलं त्यांना नकोय."

म्हणजे पुस्तक एक वेळ परवडलं. पुस्तकाने कापड म्हटलं, पण खोटं तरी बोलायला लावलं नव्हतं.

"पप्पा," रॉविना हळूच म्हणाली, "एक ओळ ती. कर सही. कोणाक कळतला? तुझा नाव थंय लागतला, ता बघ ना."

पेद्रूला विनीतचा राग आला नव्हता एवढा या वाक्याचा आला. पण तिच्याकडे पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. तिला बापाचं नाव हवं होतं, बाकी काही नाही.

"कोणाचा नाव, गो? अडाणी कोळ्याचा? मी कोळी नाय. आणि कोळी अडाणी नसता, ह्या भाड्याक कोण सांगतलो? जामसंड्याक पोरां पडद्याक हात लावून बघीत, दर्या ओलो आसा काय म्हणान. ती पोरां नव्हतीच, असा लिहून देव?"

त्याने कागद टेबलावर परत ठेवला, पालथा.

"मास्तर, शब्द दिला होता तुम्ही."

"दिललंय. पडद्याचो. कापडाक कात्री लावूचो नाय." मग तो एकदम प्रमाण मराठीत आला, सरकारी कचेरीत भांडताना येतो तसा. "आणि कपाचा डाग पुसून द्या. तो आमचा नाही."

विनीत फोन कानाला लावून खिडकीकडे वळला. आकांक्षा उठली, ओलं फडकं आणून तिनेच तो डाग टिपला. पुरा गेला नाही. कोपऱ्यातला नवा पुठ्ठ्याचा नळा तिने पुढे केला. "काका, बांबू नाहीये, पण ह्याच्यावर गुंडाळा."

पेद्रू गुडघ्यांवर बसला. घडी उलगडली तशी रंगाची बारीक सालं फरशीवर पडली, दर्याच्या मधोमध आडवी भेग. तो एका टोकाला हात घालून थांबला. एकट्याने वीस फूट गुंडाळता येत नाही. रॉविना भिंतीला टेकून उभी होती. थोड्या वेळाने तिने पर्स खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि दुसरं टोक धरलं.

"सरळ धर. सुरकुती नको."

"धरलंय."

जिना अरुंद, त्यामुळे नळा उभा करून उतरवावा लागला. खाली टायरवाल्याने वाट दिली. बस डेपोकडे चालताना पुढे बाप, मागे मुलगी, दोघांच्या खांद्यावर ते लांबलचक ओझं.

"फादराक काय सांगूचा आता?" रॉविनाने मागून विचारलं. "सगळ्या देवळात सांगल्यानी हत."

"सांग, पडदो गेलो नाय."

"कित्याक म्हणान विचारतले."

"विचारूंदेत," पेद्रू वळून न बघता म्हणाला. "घराक येवा म्हण आणि पडद्याची खालची ओळ वाचा. चष्मो घेवन येवा."