हात बसेपर्यंत

दस्तगीर पाटीवरच्या पेन्सिली घ्यायला दुकानात आला तेव्हा मला वाटलं, कुणा पाहुण्याच्या पोरासाठी नेतोय. लोणावळ्याच्या बाजारात माझं किराणा दुकान, आणि असला माल शाळा सुरू व्हायच्या वेळी खपायचा. पण हा भर पावसात इरलं घेऊन दर बाजारी येऊ लागला. शेवटी मी विचारलंच, "दस्तगीर, पेन्सिली खातोस की काय रे?"

"रेघा मारतो, महिपतभाऊ," तो म्हणाला.

चाळिशीचा बाप्या, मिशीत पांढरं डोकावायला लागलेलं, आणि म्हणे रेघा मारतो! मी हसलो. तोही हसला, पण नुसतं माझं मन राखायला.

तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. दस्तगीर त्याचा राखणदार. शेठमंडळी मे महिन्यात येणार, हवा खाणार, आंबे खाणार आणि आभाळ भरून आलं की सामान बांधणार. बाकीचं वर्ष हा आणि ती बंद दारं. आमच्या पावसाचं लोकांना भारी कौतुक. चार महिने एकट्यानं काढून बघा म्हणावं. कपडे वाळत नाहीत, भिंतींना हिरवं चढतं, आणि धुकं असं की अंगणातलं झाड दिसत नाही, मग माणूस कुठला दिसायला? पूर्वी सोबतीला त्याची बायको मदिना होती. दोघं बाजाराला यायची ती भांडत, आणि सामान घेऊन जायची ती हसत. तेहेतीस सालच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. मूलबाळ काही नव्हतं.

राखणदाराच्या बायकोचा फोटो कोण काढून ठेवतो? म्हणून यानं शेगडीतला विझलेला कोळसा उचलला आणि मागच्या पडवीच्या फरशीवर तिचा चेहरा काढायला लागला. त्यांच्या जमातीतल्या म्हाताऱ्यांना हे पसंत नव्हतं. जिवाची चित्रं काढू नयेत, असं त्याला बजावायचे. हा मान खाली घालून ऐकायचा आणि घरी येऊन पुन्हा कोळसा हातात घ्यायचा.

पुढच्या मे महिन्यात शेठकडे मुंबईचे एक चित्रकलेचे मास्तर पाहुणे म्हणून उतरले. त्यांनी पडवीतली फरशी पाहिली.

"ही कोण?"

"घरवाली हुती, सायब."

मास्तर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चेहरा आहे. पण रेघ केसाळ आहे तुझी. एक रेघ दहा तुकड्यांत ओढतोस, भीत भीत. आधी हात बसव. वर्षभर नुसत्या रेघा. तोवर माणूस काढायचा नाही. पुढच्या मेमध्ये येईन तेव्हा बघू."

माणूस भला होता. मुक्काम होता तोवर रोज सकाळी त्याला शिकवलं. दोन ठिपके दे आणि एका श्वासात जोड. मनगट नको, खांद्यातून हात येऊ दे. पाटीभर गोल, पण एकाच फिरवणीत. मग दाबत नेलेली रेघ, मग हळूहळू सोडत नेलेली. दस्तगीरला हे सगळं तोंडपाठ झालं होतं, मला तो परवचा म्हटल्यासारखा म्हणून दाखवायचा.

मास्तर गेले त्या दिवशी त्यानं पडवीची फरशी पाण्यानं स्वच्छ धुतली. असल्या केसाळ रेघेत मदिनेला ठेवायची त्याला लाज वाटली. चांगलीच काढीन की पुढं, असा हिशेब. मी तिथं असतो तर हातातली बादली हिसकावून घेतली असती. पण अशा वेळी शेजारी कुणीच नसतं, हेच तर त्याचं दुखणं होतं.

श्रावणात एकदा वाट वाकडी करून मी बंगल्यावर गेलो. हा शेगडीपाशी मांडीवर पाटी घेऊन बसलेला. श्वास रोखायचा, रेघ ओढायचा, सोडायचा. पाटी भरली की ओल्या फडक्यानं पुसायचा आणि परत ठिपके. मी येऊन उभा राहिलो ते त्याला कळलंसुद्धा नाही.

"कंटाळत नाहीस रे?" मी विचारलं.

"कंटाळा करून कुटं जायचं, भाऊ? हितं पाटी घेतली तर दिस जातो. न्हाईतर ह्यो पाऊस खातो मानसाला."

दिवाळीपर्यंत गडी तयार झाला. दुकानात आला तेव्हा मी त्याच्यापुढं पुड्याचा कागद टाकला. त्यानं त्यावर माझा तराजू काढला. दांडी एका दमात ओढली, ती इतकी सरळ की मला माझ्याच तराजूची शंका आली. म्हटलं, आता माझं थोबाड काढ. तर म्हणतो, "मास्तरांनी मानूस काढू नगं म्हनलंय." शाळकरी पोरानं सांगावं तसं सांगितलं.

मे महिन्यात मास्तर आले. बोलल्याप्रमाणं आले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पाटी बघितली, पुन्हा रेघा मारायला लावल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता हात बसला. काढ तिला." त्याला जाड, पांढरेशुभ्र कागद दिले, दोन शिसपेन्सिली दिल्या.

पाच-सहा दिवसांनी, भर दुपारी, दस्तगीर दुकानात येऊन तांदळाच्या पोत्यावर बसला. काही मागेना.

"काय झालं रे? काढलीस का मदिना?"

"येत न्हाई, भाऊ."

"मास्तर तर म्हणाले हात बसला."

"हात येतुया. मदिना येत न्हाई." त्यानं डोळे गच्च मिटले. "गालावरचा तीळ आटवतो. नाकातली चमकी आटवती. हसताना पदर तोंडाला लावायची, त्ये आटवतं. पन त्यो तीळ ज्या गालावर हुता, त्यो गालच दिसत न्हाई. सालभर रेघंकडं बघत बसलो. तिच्याकडं बघायचंच ऱ्हायलं."

मला मास्तरांचा राग आला, याचा राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. तो प्यायला आणि गेला.

मग त्याच्याच डोक्यात आलं. मदिनेची धाकटी बहीण अकबरी वडिवळ्याला दिली होती. लग्नात लोक म्हणायचे, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. तिच्याकडं बघून मदिना सापडेल, म्हणून यानं कागद फडक्यात गुंडाळले, गाडीनं कामशेत गाठलं आणि पुढं उन्हातान्हात, भाताच्या मोकळ्या खाचरांतून चालत वडिवळ्याला गेला.

अकबरी सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं येण्याचं कारण सांगितलं तशी ती रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बसते, दाजी. बसवा तुमी म्हनाल तशी."

ती उंबऱ्यावर बसली आणि हा अंगणात. ऊन उतरेपर्यंत तो तिच्याकडं बघत होता. कपाळ, भुवया, नाकाचा उतार, हनुवटी, एकेक रेघ एका श्वासात. कुठं अडखळला नाही, कुठं पुसावं लागलं नाही. शेजारच्या बाया गोळा झाल्या आणि एकीनं तोंडावर हात ठेवला, "अगं बया, हुबेहूब अकबरी!"

अकबरीनं कागद दोन्ही हातांत धरला. "माजं कुनी कवा चित्र काढलं न्हाई, दाजी. ठिवू का मी ह्ये?"

नाही कसं म्हणणार? त्यानं देऊन टाकलं.

हे सारं तो मला दुकानात सांगत होता. मी म्हटलं, "अरे, मग त्यात एवढं काय? कागद आहेत, हात आहे. आता आठवून दुसरं काढ मदिनेचं."

त्यानं मान हलवली.

"भाऊ, आता डोळं मिटलं की अकबरीच येती. आदी थोडी तरी मदिना हुती. आता समदी अकबरीच."