अराबाने उघडायला लावलेलं दार

अराबा बेन्सिल माझी शेजारीण. सेकोंडी बंदराच्या रेल्वे वसाहतीत आमच्या दोघींच्या परसात एकच कुंपण. तिची मातीची भट्टी कुंपणाला लागून, त्यामुळे विकायचा पाव तिच्याकडे भाजला जाई आणि धूर आमच्याकडे येई. यावरून आम्ही आयुष्यभर कुरकुरलो आणि दर रविवारी गायनमंडळात एकाच बाकावर बसून गायलो.

तिचे वडील गोदीत सुतार होते आणि गावातल्या बंधुमंडळाचे सभासद. आमच्या किनाऱ्यावर अशी मंडळं खूप. सभासद एकमेकांना भाऊ म्हणतात, आजारपणात धावून येतात, आणि भाऊ गेला की पांढरे एप्रन आणि खांद्यावर पट्टे घालून त्याला आपल्या रीतीने निरोप देतात. त्या काळी हा निरोप बंद दाराआड होई. शवपेटीजवळ फक्त भाऊ, घरचे सगळे बाहेर. अराबाचे वडील गेले तेव्हा तिची आई, एसीकाकू, अंगणात बसून त्या दाराकडे पाहत राहिली. आत काय झालं ते तिला कोणी सांगितलं नाही. चर्चने तर हातच वर केले. असले छुपे विधी झालेल्या माणसासाठी घंटा वाजणार नाही, आपल्या दफनभूमीत जागाही मिळणार नाही, असं तेव्हाच्या पाळकांनी कळवलं. खाडीपलीकडच्या सरकारी जागेत त्यांना पुरलं. एकही गीत झालं नाही. एसीकाकू त्यानंतरही चर्चला येत राहिली, पण गाताना तिचे ओठ हलताना मी कधी पाहिले नाहीत. नवऱ्याच्या देहाचं त्या खोलीत काहीतरी वाईट केलं असणार, हे तिच्या मनातून जाईना.

अराबाने लग्न केलं ते एको बेन्सिलशी. तो इंजिनावर आग सांभाळायचा, शांत माणूस. लग्नानंतर काही वर्षांनी तिला कपड्यांच्या पेटीत पांढरा एप्रन सापडला. तो भट्टीसाठी नव्हता हे तिला लगेच कळलं. त्या दिवशी आमच्या कुंपणावरून धुराऐवजी तिचा आवाज आला. "माझ्या आईचं काय झालं ते बघूनसुद्धा तू तिकडे गेलास?"  एको हळूच म्हणाला, की तुझ्या वडिलांकडेच बघून गेलो.

बरेच दिवस ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. मग तिला टायफॉइड झाला आणि एको तेव्हा गाडीवर, आत कुमासीच्या बाजूला. सकाळी मी बघते तर बंधुमंडळाचे लोक तिच्या अंगणात लाकडं फोडताहेत. निवृत्त स्टेशनमास्तर ब्रू, मंडळाचे प्रमुख, बाह्या वर करून कणीक तिंबत होते आणि सगळी कणीक त्यांच्या कोपरांना चिकटली होती. पाव दगडासारखे झाले. तरी त्यांनी ते बाजारात नेऊन विकले, म्हणजे एकमेकांनाच विकले असावेत. ती बरी होईपर्यंत हे चाललं. त्यानंतर तिने एप्रनला स्वतः इस्त्री करायला सुरुवात केली.

एको गेला तो अचानक, कामावरून घरी येताना, छातीत कळ येऊन.

आमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा. त्याला कसं पुरायचं हे ठरवायचा हक्क बायकोचा नाही, कुळाच्या वडीलधाऱ्याचा. एकोचे मामा, अन्सामामा, त्या मानाने साधे गृहस्थ. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की भांडण नको. मंडळ हवं तर चर्च नाही, चर्च हवं तर मंडळ नाही. सूनबाई सांगेल ते एक करू.

"मामा, मला दोन्ही हवं," अराबा म्हणाली.

"अगं, मग काय त्याला दोनदा पुरू?"

"एकदाच पुरायचं. पण सगळ्यांनी मिळून."

मामांनी नाकात तपकीर ओढली आणि म्हणाले, की तू त्या दोघांना राजी कर, माझी ना नाही. त्यांना वाटलं असणार, हे काही व्हायचं नाही.

आमचे पाळक ओटू वयाने तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. अराबा मला सोबत घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला पाणी दिलं, प्रार्थना केली, एकोबद्दल चांगलं बोलले. मग मंडळाचा विषय निघाला.

"मावशी, मला त्या लोकांचा राग नाही," ते म्हणाले. "पण दार लावून काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. जे मी ऐकलंच नाही, त्याच्यावर आमेन कसं म्हणू?"

"ऐकलंत तर?"

"तर निदान खरं काय ते बोलता येईल."

परत येताना ती घरी वळलीच नाही. थेट ब्रू मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. मास्तरांनी खुर्ची दिली, ती बसली नाही. दार उघडं ठेवून विधी करा, पाळकांना आत बसू द्या, घरच्यांना बसू द्या, असं तिने सरळ सांगितलं. मास्तरांना ते झेपेना. बाहेरच्या माणसांसमोर आजवर कधी झालं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"मास्तर, तुम्ही माझ्या परातीत कणीक तिंबलीत," अराबा म्हणाली. "तेव्हा मी बाहेरची नव्हते. आता एको माझ्या घरातून जाणार, तर मी बाहेरची?"

मास्तर स्वतःच त्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, की मंडळाच्या खुणा आणि परवलीचे शब्द असतात, ते कोणालाच सांगता येत नाहीत. पण मेलेल्या भावाच्या विधीत त्यातलं काहीच नसतं. "आधी चर्चने आम्हाला दार लावलं की आम्ही चर्चला, हे सांगणारा आता कोणी उरला नाही, बाई. आम्ही आपले लावत आलो."

भावांची बैठक झाली. दोघे रागावून उठून गेले, बाकीच्यांनी मान डोलावली. चर्चच्या पंचांमध्येही कुजबुज झाली. पाळकांनी अटी घातल्या. विधी घरी, दार उघडं ठेवून. चर्चमध्ये पेटीवर एप्रन नको, तिथे फक्त उपासना. दफनभूमीत आधी पाळक, मग भाऊ. अराबाने सगळं कबूल केलं.

शनिवारी सकाळी उघडी पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली. दाराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकवली होती. अंगण शोकाच्या काळ्या आणि तांबड्या कपड्यांनी भरून गेलं होतं. पाळक भिंतीजवळ बसले. अराबाने आईला, आता दिसणं अगदी कमी झालेल्या एसीकाकूला, हाताला धरून अगदी पुढे आणून बसवलं.

भाऊ आले. त्यांनी पेटीभोवती गोल केला. मास्तरांनी हजेरी घ्यावी तसं एकेकाचं नाव पुकारलं आणि प्रत्येकाने ओ दिली. मग त्यांनी एकोचं नाव पुकारलं. खोली गप्प राहिली. पुन्हा पुकारलं, पुन्हा कोणी बोललं नाही. तेव्हा एक भाऊ म्हणाला, की आपला भाऊ मोठ्या घरी कामावर रुजू झाला आहे. मग त्यांनी देवाची प्रार्थना केली, एक स्तोत्र म्हटलं आणि प्रत्येकाने सदाहरित झाडाची एक डहाळी एकोच्या छातीवर ठेवली. एवढंच. पाळकांनी स्तोत्र त्यांच्याबरोबर म्हटलं. त्यांना पाठच होतं ते.

भाऊ बाहेर निघाले तेव्हा एसीकाकूने हात पुढे करून मास्तरांना चाचपलं.

"माझ्या नवऱ्याचंही असंच केलं होतंत?"

"हो, काकू. मी तेव्हा नवा होतो. अगदी हेच शब्द."

"त्याचं नाव पुकारलं होतं?"

"पुकारलं होतं."

 मग काकू हळूच म्हणाली, "मला बसू दिलं असतंत, तर मी ओ दिली असती." मास्तर तिच्यासमोर खाली बसले.

चर्चची घंटा वाजली. गायनमंडळातल्या एकदोघी आल्या नाहीत, बाकीच्यांनी आवाज चढवून ती उणीव भरून काढली. दफनभूमीत ओटूसाहेबांनी माती टाकली, शेवटची प्रार्थना म्हटली आणि ठरल्याप्रमाणे बाजूला झाले. म्हातारे मास्तर डहाळी टाकायला वाकले आणि भुसभुशीत वाळूत त्यांचा पाय घसरला. पाळकांनी झटकन त्यांचा दंड धरला. मास्तर सावरले, तरी पाळकांनी हात सोडला नाही. शेवटच्या भावाची डहाळी पडेपर्यंत दोघे तसेच उभे होते. वाकडं तोंड करून आलेल्या पंचांनीही ते पाहिलं.

पुढे आमच्या भागातल्या चर्चांच्या सभेत हा विषय निघाला. वाद झाला, पुढच्या सभेवर गेला, परत वाद झाला, आणि शेवटी मान्य झालं, की कुटुंबाची इच्छा असेल आणि काही लपवलेलं नसेल, तर बंधुमंडळाला कबरीपाशी निरोप देऊ द्यावा. सगळ्या चर्चांनी मानलं असं नाही. काही ठिकाणी अजूनही पाळक एप्रन दिसला की पाठ फिरवतात. तिथली माणसं अराबाला बोलावतात. ती जाते. एकदा पाळकांकडे, एकदा भावांकडे, अशा फेऱ्या घालते आणि बहुतेक वेळा काहीतरी जुळवूनच येते. मंडळाच्या स्त्री-शाखेतल्या बायकांनी तिला आपल्यात ये म्हणून खूप आग्रह केला, तिने नकार दिला. मी आत गेले तर दोन्हीकडे शिव्या घालायला बाहेर कोण राहील, असं तिचं म्हणणं.

गेल्या इस्टरला खाडीपलीकडच्या त्या सरकारी जागेत ओटूसाहेब आणि मंडळाचा एक नवा तरुण भाऊ आमच्याबरोबर आले होते. अराबाच्या वडिलांच्या कबरीवर प्रार्थना झाली, गीतही झालं. एसीकाकूला खुर्चीवर बसवून नेलं होतं. तिचा आवाज फाटका आणि सुराबाहेर होता. आम्ही सगळ्या मुद्दाम हळू गात होतो, तो ऐकू यावा म्हणून.