वैऱ्याच्या शेतातला राब

वैशाखातल्या एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, मार्गासनीपलीकडच्या एका वाडीत मास्तरांच्या उजव्या मनगटावर काठी बसली आणि हाड मोडले. त्या वेळी ते रामजीच्या शेतात विस्तव लावत होते. रामजी त्यांच्याच साक्षीवरून भोरच्या तुरुंगात होता.

युद्धाचा काळ होता. मी भोरहून पुण्याच्या एका साप्ताहिकाला बातमीपत्रे पाठवीत असे. मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिले ते कोर्टात, पण ते लक्षात राहिले ते त्यांच्या बोटामुळे. घराबाहेर पडताना ते तर्जनी जिभेवर ओली करून वर धरीत आणि म्हणत, "आधी वारा बघावा." छत्री उघडायची असो की चूल पेटवायची, हे ठरलेले. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या सवयीला आपण हसतो आणि पुढे तीच आठवते.

वाडीत ते मिशनची शाळा चालवीत. शाळा म्हणजे गवती छपराची एक खोली, शेजारी त्यांचे घर आणि मागे दहा गुंठे भातजमीन. रोज संध्याकाळी अंगणात उभे राहून ते मोठ्याने प्रार्थना करीत आणि माणसांची नावे घेत. आधी वैऱ्यांची, मग आजाऱ्यांची आणि शेवटी घरच्यांची.

"माझं नाव येईस्तवर दिवं लागत्यात," मास्तरीणबाई मला म्हणाल्या होत्या. "यांना म्हनलं, मीबी तुमची वैरीण होते. मंग तरी लवकर नंबर लागंल."

वैऱ्यांत पहिले नाव रामजीचे होते. त्याचा धाकटा भाऊ मास्तरांकडे वाचायला शिकला, ख्रिस्ती झाला आणि पुण्याला निघून गेला. आईने अंथरूण धरले. रामजी बांधावर येऊन ओरडला होता, "माझा भाऊ नेला, आता माझं नाव कशापायी घेतोस तुझ्या देवाम्होरं?" मास्तरांनी उत्तर दिले, "तुमचं वाईट मागत नाही, रामजीबाबा." दुसऱ्या दिवशी नाव पुन्हा घेतले, फक्त जरा हळू आवाजात.

माघात शाळा जळाली. छपरावर गवताची पेटती चूड टाकून पळणाऱ्या रामजीला मास्तरांनी जाळाच्या उजेडात पाहिले. पाट्यांची पेटी काढायला मास्तरीणबाई आत शिरल्या. पेटी निघाली. त्यांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले.

खटला उभा राहिला तेव्हा वाडीतले चार शहाणे मास्तरांकडे आले. "म्या पाह्यलं न्हाई, एवढंच म्हना," ते म्हणाले. "तुमच्या शास्तरात वैऱ्यावर माया करा असंच लिवलंय न्हवं?"

आतून बाई म्हणाल्या, "पाय माझं जळालं. हे माफी कुनाच्या पायानं करत्यात?"

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत, हे मला बाईंनीच सांगितले. खोटे बोलले तर शपथ मोडणार होती आणि खरे बोलले तर रामजी आत जाणार होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टात बायबलवर हात ठेवला आणि जे पाहिले ते सांगितले. शेवटी म्हणाले, "शिक्षा कमी द्यावी, अशी विनंती आहे." सहा महिन्यांची झाली. शिपाई कोर्टाबाहेर नेत असताना रामजी त्यांच्या पायाशी थुंकला. मास्तरांनी बोट ओले करून वर धरले. का, ते त्यांनाही सांगता आले नाही.

त्या खोऱ्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घेतात. शेण, पाला, फांद्या आणि गवत थरांनी रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवायचे. हाच राब. रामजीने तो तुरुंगात जाण्यापूर्वी रचून ठेवला होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली, आई उठत नव्हती, भावकी आपापल्या शेतात होती. वैशाखात दुपारचे ढग येऊ लागले. राब एकदा भिजला की पेटत नाही, आणि राब नाही तर रोप नाही.

मास्तर कोणालाही न विचारता गेले. विचारले असते तर म्हातारीने बांधावर पाऊल ठेवू दिले नसते. धूर दिसताच भावकी धावली. "मास्तरनं दावा साधला रं!" अशी ओरड झाल्याचे मला नंतर दोघांनी त्याच शब्दांत सांगितले. काठ्या पडल्या. लोकांनी डहाळ्यांनी झोडून आणि पाणी ओतून विस्तव विझवला. अर्धा राब भिजून गेला.

दुसऱ्या दिवशी मी जागा पाहिली आणि टिपून घेतली. मग मास्तरांना विचारले, "कोणी मारलं?"

"कोर्टात विचारलं तर सांगेन," ते म्हणाले. "तुम्ही कोर्ट नाही." फिर्याद त्यांनी केली नाही, त्यामुळे कोर्टाने कधी विचारले नाही.

मनगटाची जखम चिघळली. आषाढात, पुण्याच्या दवाखान्यात, मास्तर तापाने वारले. नवा मास्तर मिळेपर्यंत मिशनने बाईंना तिथेच ठेवले. त्या मुलांना अक्षरे गिरवायला लावीत. संध्याकाळची नावेही त्यांनी चालू ठेवली होती. रामजीचे घेता का, असे मी विचारले.

"घेते. तोंडानं," त्या म्हणाल्या. "मनानं अजून न्हाई. देवाला ठावं हाये ते."

भाद्रपदात रामजी सुटला. घरी जाण्याआधी तो माझा पत्ता काढत आला. दारातच उभा राहिला.

"तुमी जागा पाह्यली म्हनं. मास्तर राब भाजत व्हता का जाळत व्हता?"

मी टिपण काढून वाचले. बांधावरचे वाळके गवत हातभर रुंद काढलेले होते. पाण्याने भरलेले एक मडके होते, दुसरे फुटलेले.

"पेटवला कुठनं?"

"उगवतीच्या टोकाकडून."

"आन् वारा?"

"मावळतीकडून येत होता. विझवणाऱ्यांनीच सांगितलं."

वारा पाठीशी घेऊन पेटवले तर राब भडकून जातो आणि जमीन कच्ची राहते. म्हणून शेतकरी वाऱ्याच्या विरुद्ध टोकाला विस्तव लावतो. जाळ वाऱ्याशी झगडत हळूहळू सरकतो आणि माती खोल भाजते. हे रामजीला मी सांगायची गरज नव्हती. तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "आपल्या सोताच्या शेतात लावावा तसा लावला."

मी बरोबर येऊ का, असे विचारले. तो नको म्हणाला.

पुढच्या वैशाखात मी त्या वाडीत गेलो. शाळेला नवे छप्पर होते. मागच्या दहा गुंठ्यांत राब रचलेला होता आणि उगवतीच्या टोकाला रामजी पेटती चूड घेऊन वाकला होता. बाई दारात उभ्या होत्या. तो सुटल्यापासून त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, असे शेजारणीने मला सांगितले.

बाईंनी तर्जनी ओली करून वर धरली.

"वारा फिरलाय," त्या म्हणाल्या.

रामजी उठला आणि चूड घेऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेला.